बाबांची जाखडी

फोन आला तेव्हा बाबा स्वयंपाकघराच्या दारात अडकले होते. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं, आणि पाय फरशीला चिकटवल्यासारखे. मी त्यांच्या समोर उभी राहून हळूहळू टाळी देत होते. तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजला.

"जा, घे," बाबा म्हणाले. "मी कुठं पळून जात नाही."

गावाहून अनंताचा फोन होता. अनंता आमचा चुलत नातलग, गावातल्या आमच्या घराच्या शेजारचाच. म्हणाला, "दर्शनाताई, आप्पा गेले. पहाटे काकी उठवायला गेली तर अंग गार लागलं. शिवाकाकांना नीट सांग."

मी परत आले. बाबा तिथंच होते. मी त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि सांगितलं. त्यांचा हात आधीच थरथरत असायचा, त्यामुळे त्यांना काय झालं ते हातावरून कळेना. चेहऱ्यावरूनही नाही, कारण कंपवातात चेहरासुद्धा आखडतो. ते बराच वेळ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

"गाडी बोलाव," शेवटी म्हणाले. "अग्नी मलाच द्यायला हवा. त्याचं दुसरं कोण आहे?"

आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, रामजी. त्यांना मूलबाळ नव्हतं. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावात आप्पा आणि काकी दोघंच राहायची. आप्पा जाखडीचे गायक होते. गौरी-गणपतीत कोकणातल्या वाड्यावाड्यांमधून जाखडी चालते, तिला बाल्यानाचही म्हणतात. मधोमध गायक आणि ढोलकीवाला बसतात आणि त्यांच्या भोवती एका पायात चाळ बांधलेले गडी रिंगण धरून नाचतात. आप्पांचा आवाज पार खाडीपलीकडे ऐकू जायचा म्हणे. आणि त्यांच्या रिंगणात पहिला पाय टाकणारा गडी माझा बाप होता. पण ही मी ऐकलेली गोष्ट. मला कळू लागलं तेव्हा बाबा रत्नागिरी डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते आणि जाखडी सुटलेली होती. गणपतीत ड्युटी लागते म्हणून सोडली, असं घरात सांगितलं जाई.

मला मात्र त्यांनी लहान असतानाच भरतनाट्यमला घातलं. पद्माटीचर बँकेतल्या साहेबांची बायको, तमिळ. मराठी मोडकं बोलायच्या. लाकडी ठोकळ्यावर काठीनं ताल देत एकच शब्द म्हणायच्या, "बसा. अजून बसा." गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून, अर्धं बसून उभं राहायचं आणि त्याच बैठकीत पाय आपटायचे. मांड्या पेटायच्या. घरी येऊन मी जिना बसत बसत चढायची. बाबा ड्युटीवरून आले की खाकी कपड्यातच क्लासच्या बाहेर कठड्यावर बसून राहायचे. आत कधी आले नाहीत. एकदा मी विचारलं, "बाबा, तुम्हीपण नाचायचात ना?" तर म्हणाले, "आमच्या त्या उड्या. त्याला नाच म्हणत नाहीत. टीचर शिकवतात तो नाच. तू इकडं तिकडं बघू नको, हेच शीक."

पुढे पुण्याला कॉलेजात असताना कथक शिकायला लागले. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझे गुडघे हातानं सरळ केले. "तुझं अंग खाली बसायला शिकलंय," त्या म्हणाल्या. "आता त्याला उभं राहायला शिकव. घाई करू नकोस, अंग रुसतं." खरोखरच रुसलं. कित्येक महिने माझ्याकडे धड जुनं नव्हतं, धड नवंही नव्हतं. चक्कर घेताना डोळे एका जागी ठेवायचे असतात. माझे डोळे सवयीनं हाताच्या मागे जायचे आणि मी भेलकांडायची. मग एका सकाळी चक्कर नीट लागली, आणि आपल्या शरीरात दोन घरं झाली आहेत असं वाटलं.

रत्नागिरीला परतून मी स्वतःचा क्लास काढला. आई गेली. बाबा निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी त्यांना कंपवात झाला. हात थरथरायला लागले ते एक वेळ चाललं असतं. पण चालता चालता बाबा थांबायला लागले. सपाट जमिनीवर नीट चालत असत, आणि दार आलं, अरुंद बोळ आला की पाय उचलतच नसे. आयुष्यभर घाटातून गाडी काढलेला माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्याशी ताटकळत उभा राहायचा आणि मला हाक मारायला लाजायचा.

डॉक्टर म्हणाले, ठेका देऊन बघा. काही रुग्णांना तालावर पाय उचलता येतो. मला बरं वाटलं. मी दुसरं आयुष्यभर केलं काय होतं? मी त्यांना 'तैया तै' म्हणून दाखवलं. पाय हलला नाही. कथकचे बोल म्हटले, तबल्याची रेकॉर्ड लावली. बाबा मान डोलवायचे, "छान आहे," म्हणायचे आणि तिथंच उभे.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. मागच्या वाडीतली पोरं जाखडीची तालीम करत होती. बाबा बोळात अडकले होते आणि मी औषध आणायला आत गेले होते. परत आले तर बाबा बोळाच्या अलीकडे, खुर्चीपाशी उभे.

"कसे आलात?"

ते जरा ओशाळले. "त्या पोरांची ढोलकी चालू होती. पाय आपोआप उचलला."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्यासमोर पदर खोचून उभी राहिले. "मला जाखडी शिकवा."

"कशाला?"

"घरात ढोलकीवाला ठेवता येणार नाही म्हणून. मला यायला हवी. तुमच्या पुढं मी चालेन."

त्यांनी नकार दिला. मग दोन दिवस विचार केला आणि खुर्चीत बसूनच शिकवायला लागले. तोंडानं ठेका धरत: "धिं तां, धिं धिं तां." मला वाटलं होतं, दोन नृत्यं पचवलेल्या बाईला हे किती जड जाणार? पण मला ते येईना. मी ताठ उभी राहायची. बाबा म्हणायचे, "वाक. भार पुढं टाक. पुढच्या गड्याच्या पाठीवर पडशील असा टाक." मी म्हणायची, "पुढं कोण आहे इथं?" ते म्हणायचे, "आहे असं समज. एकट्याची जाखडी नसते."

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. मी शिकले ते दोन्ही नाच समोरच्याला दाखवायचे होते. डोळे, भुवया, बोटं, सगळं प्रेक्षकांसाठी. जाखडीत तोंड रिंगणाच्या आत, गाण्याकडे. बघणाऱ्यांकडे पाठ. "लोकांना काय दिसतं मग?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "लोकांचं लोक बघतील."

हळूहळू जमलं. सकाळी मी त्यांच्या पुढं उलटी चालायची, तोंडानं ठेका द्यायची, आणि बाबा माझ्या पायांकडे बघत दारातून, बोळातून बाहेर यायचे. फोन आला त्या दिवशी मात्र माझ्या टाळीवर पाय उचलला नव्हता.

आम्ही गावी पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. भातं कापून झाली होती, शेतात नुसते खुंट उभे होते. अंगण माणसांनी भरलेलं. आप्पांना ओसरीवर ठेवलं होतं, भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन बसली होती. मृदंगावर बाबू गोरिवले होता. म्हातारा, आप्पांच्या जाखडीत जन्मभर ढोलकी वाजवलेला. बाबांना बघून त्यानं वाजवणं थांबवलं, डोळे पुसले आणि परत सुरू केलं.

काकी भिंतीला टेकून बसली होती. बाबा तिच्यापाशी गेले. तिनं त्यांचा हात हातात घेतला, तो थरथरत होता म्हणून दोन्ही हातांनी धरला. "आलास भावजी," एवढंच म्हणाली.

मडकं कोणी धरायचं यावर अनंता आणि बाकीचे कोपऱ्यात कुजबुजत होते. अनंता माझ्याकडे आला. "ताई, शिवाकाकांना वाईट वाटेल, पण विस्तवाचं मडकं आहे. हात बघतेस ना त्यांचा? मी धरतो. अग्नी देताना ते हात लावतील."

"मी धरणार," बाबा मागून म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं. "पडलो तर पडलो. तू शेजारी राहा हवं तर."

बाबांना आंघोळ घातली, ओला पंचा नेसवला. तिरडी उचलली. दोरीच्या शिंकाळ्यात ठेवलेलं मडकं बाबांच्या हाती दिलं, त्यातून धूर येत होता. बाबा पुढं निघाले. अंगणाच्या मधून ते ठीक चालले. अंगण संपलं की जांभ्या दगडाच्या गडग्यातून, म्हणजे कुंपणाच्या बांधातून, एक अरुंद फट आहे, तिथून वाट खाली व्हाळाकडे, ओढ्याकाठच्या स्मशानाकडे उतरते. त्या फटीपाशी बाबा थांबले.

मागं तिरडी थांबली. तिच्या मागं सगळी माणसं थांबली. भजन चालू राहिलं, पण भजनाची लय संथ होती, आणि बाबांचे पाय जमिनीत रुतल्यासारखे. मडकं हलायला लागलं. एक निखारा उडून त्यांच्या पंच्याजवळ पडला, अनंतानं तो पायानं विझवला.

"काका, द्या माझ्याकडं."

"थांब जरा," बाबा म्हणाले. खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. मागून कोणीतरी म्हणालं, "किती वेळ मयत उभं ठेवायचं?"

आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत. मी काकीपाशी ओसरीवर होते. बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. मानही धड वळत नव्हती, पण ते मला शोधत होते हे मला कळलं. मी अंगणात उतरले आणि माणसांमधून वाट काढत मृदंगापाशी गेले.

"बाबूकाका, जाखडीचा ठेका धरा."

बाबूनं हात थांबवले. "मयताला?"

"त्याशिवाय बाबांचा पाय उचलणार नाही."

भजन थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते. बाबूनं तिरडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्याच्या नजरेत मला न कळणारं काहीतरी होतं. राग नव्हे. घाबरल्यासारखं. "पोरी, तू सांगतेस हे?" तो म्हणाला. "तू?"

मला वाटलं, मी बाई म्हणून तो असं म्हणतोय.

तेव्हा काकी ओसरीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी साधा होता. "वाजव बाबू. त्यांना भावाच्या हातचा अग्नी मिळू दे. बाकीचं माझ्यावर."

बाबूनं मृदंग पोटाशी ओढून घेतला आणि ठेका धरला. धिं तां, धिं धिं तां. मृदंगावर तो ठेका जड वाजत होता, घरात मी तोंडानं म्हणायची तसा उड्या मारणारा नाही. मी गडग्याच्या फटीतून पलीकडे गेले, बाबांकडे तोंड करून उभी राहिले आणि वाकले. पाय टाकला. त्यांचे डोळे माझ्या पायांवर आले. मी मागं सरत पुन्हा पाय टाकला. बाबांची टाच उचलली. मडक्याचं हेलकावणं थांबलं नाही, पण आता ते ठेक्यात हेलकावत होतं.

बाबा फटीतून बाहेर आले.

मी थांबले नाही, थांबले असते तर ते थांबले असते. उलटी चालत, पायानं दगड चाचपत मी व्हाळाकडे उतरत राहिले. बाबांच्या मागून मला वेगळा आवाज ऐकू यायला लागला. तिरडीमागे चालणारे म्हातारे, एके काळी आप्पांच्या रिंगणात नाचलेले, ठेक्यावर पाय टाकत होते. कोणी हात हलवत नव्हतं, कोणी वाकत नव्हतं, चालणंच होतं ते. पण पाय सगळ्यांचे एका वेळी पडत होते. कोरड्या वाटेवर तो आवाज मी आजही सांगू शकणार नाही कसा होता. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

व्हाळाच्या काठी बाबांनी मडकं खाली ठेवलं, त्यातल्या विस्तवानं अग्नी दिला, प्रदक्षिणा घातल्या. मी लांब, करंजाच्या झाडाखाली उभी राहिले. मला परत जा असं कोणी म्हणालं नाही.

परतताना बाबांना अंगात त्राण नव्हतं. त्यांना खुर्चीत बसवून पोरांनी वर नेलं. मी मागून चालत होते. बाबू माझ्याबरोबर चालायला लागला. चढ होता, तो मधेमधे थांबत होता.

"तुला आठवत नाय ना?" त्यानं विचारलं.

"काय?"

"मला वाटलं, आठवत असंल आन् मुद्दाम सांगितलंस." तो एका दगडावर टेकला. "तू ल्हान होतीस. गौरीचा दिवस. ह्याच अंगणात जाखडी चालू होती. तू घुसलीस रिंगणात. बापाच्या मागं लागून त्याच्यासारखाच पाय टाकायला लागलीस. चुकत नव्हतीस. लोक कौतुकानं हसायला लागले. आप्पानं गाणं थांबवलं. तुला दंडाला धरून बाहेर काढली. म्हनला, हे बायकांचं काम नाय, पोरीचा पाय रिंगणात पडता कामा नये. तू लय रडलीस. परत परत आत पळायचीस आणि तो परत काढायचा. शेवटी एक थोबाडीत दिली."

मला खरंच आठवत नव्हतं. आप्पा माझ्याशी कधीही वाईट वागलेले मला माहीत नव्हते. भेटले की डोक्यावरून हात फिरवायचे.

"तुझा बाप कायच बोलला नाय," बाबू म्हणाला. "खाली बसला. पायातले चाळ सोडले, आप्पाच्या म्होरं ठेवले. तुला खांद्यावर घेतली नि निघाला. आम्हाला वाटलं, राग उतरंल. परत आला नाय. आप्पा हट्टी, तोपन गेला नाय बोलवायला. पन रिंगण धरताना आम्हाला सांगायचा, शिवाची जागा सोडा. कितीतरी वर्षं आम्ही जागा सोडून नाचलो. नवीन गडी विचारायचे, इथं कोन नाय का? आम्ही म्हनायचो, येनार हाय."

तो उठला आणि पुढं चालू लागला. मी तिथंच उभी राहिले. पद्माटीचरच्या क्लासच्या फीसाठी बाबा जादा ड्युट्या करायचे ते मला माहीत होतं. मी समजत होते, त्यांना आपल्या जाखडीची लाज वाटते, मुलीनं मोठ्या लोकांचा नाच शिकावा अशी हौस आहे. पुण्यात कोणी विचारलं, घरात नाचाची परंपरा आहे का, तर मी 'नाही' म्हणायची. बाबांनीच तसं शिकवलं होतं.

दुपारी माणसं पांगली. बाबा पडवीत घोंगडीवर बसले होते, पाठ भिंतीला लावून. आत बायका काकीपाशी बसल्या होत्या. मी बाबांजवळ जाऊन बसले.

"बाबूकाकांनी सांगितलं," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. कोणी ना कोणी आज सांगणारच, हे त्यांना माहीत असावं.

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"काय सांगणार? तुझ्या काकानं तुला मारलं म्हणून? तू त्याच्या पाया पडायचीस, ते बंद झालं असतं." मग म्हणाले, "तो वाईट नव्हता. त्याला जे शिकवलं होतं ते तो धरून बसला. मलाही आधी तेच शिकवलं होतं. पण तुझा पाय बघितला मी त्या दिवशी."

"मग जाखडी म्हणजे नुसत्या उड्या, असं का म्हणायचात? मला ते खरं वाटत होतं."

ते अंगणाकडे बघत होते. सकाळी तिरडी बांधलेल्या जागी बांबूच्या चिपट्या पडल्या होत्या, कोंबड्या त्यात टोचा मारत होत्या.

"तुला इथं घेत नव्हते," ते म्हणाले. "इथलं चांगलं आहे असं सांगितलं असतं, तर तू जन्मभर या अंगणाकडे बघत बसली असतीस. म्हणून म्हटलं, इथं काही नाही. म्हणजे तू दुसरीकडे मन लावशील."

काकीनं आतून मला हाक मारली. मी उठले नाही. बाबांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि थरथरत होता, नेहमीसारखाच.

"मला फार आवडायचं गं इथं नाचायला," बाबा म्हणाले.